‘अपूर संसार’मधली नायक अपूची अडनिडी भाड्याची खोली कशाचं प्रतीक आहे, असं तुम्ही विचारलंत.

गरिबीचं, असं बहुतेक जण सांगतील. मला ते साफ नामंजूर आहे.

सत्यजित राय यांच्या या १९५९ च्या चित्रपटात अपू कोलकात्यात रेल्वे यार्डाशेजारच्या गच्चीवर राहतो. भाडं थकलेलं, खिडकीचा पडदा फाटका. लग्न होऊन आलेली अपर्णा त्या पडद्याच्या भोकातून खाली एक आई आणि तिचं मूल बघते आणि डोळे पुसते. पुढे त्याच खिडकीला नवा पडदा दिसतो. खोली तीच.

१९८६ साली आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही बेळगावात टिळकवाडीला, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ भाड्याने राहत होतो. प्लॉटची हद्द रुळांच्या कलानं तिरकी गेलेली, त्यामुळे खोली दाराशी दहा फूट रुंद आणि मागं जेमतेम तीन. जुनी माणसं अशा जागेला वाघमुखी म्हणून नाकं मुरडायची. लोखंडी कॉट भिंतीला लावली की पायथ्याशी वीतभर फट उरायची. बायको त्यात पोळपाट उभं करायची. मागच्या चिंचोळ्या कोपऱ्यात केरसुणी पोचत नसे. तिथं तिनं दोन विटा मांडून पाण्याची घागर ठेवली. मिरज-लोंढा लाईनवर गाडी येताना आधी घागरीतलं पाणी थरथरायचं, मग शिट्टी ऐकू यायची.

मेव्हणा पहिल्यांदा आला आणि दारातच थांबला. “भावजी, ताईला कुठं आणून ठेवलासा? इथं कपाट तरी उभं राहतंय काय?” मी काही बोललो नाही. ते अजून सलतं.

पुढं एका रविवारी दुपारी घरमालकीण आज्जींच्या टीव्हीवर दूरदर्शननं हा चित्रपट दाखवला. मेव्हणाही होता. “राय गरिबी विकतात,” म्हणाला. नर्गिसबाईंनीही राज्यसभेत असाच आरोप केला होता, त्यामुळे त्याचा आवाज चढलेला. बायको टीव्हीवरची नजर न काढता एवढंच बोलली, “पडदा बदलला बघा तिनं.”

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तेच आहे. उरलेलं निम्मं रेल्वेत आहे. अपूच्याच गोष्टीचा पहिला चित्रपट असलेल्या ‘पथेर पांचाली’त आगगाडी म्हणजे पोरांचं नवल. इथं तिच्या शिट्टीनं अपर्णा कानांवर हात ठेवते, आणि अपर्णा वारल्यावर अपू जीव द्यायला रुळांकडेच जातो. रुळांपासून दूर असती तर त्या खोलीला अर्थच उरला नसता. खोलीचा आतला भाग कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेला सेट होता, म्हणजे तो फाटका पडदासुद्धा कुणीतरी ठरवून लावलेला.

आता एक मान्य करतो. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं आणि माझा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. तशा खोलीत आजारी सासरे आणि तीन पोरं असती तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो.

तुम्ही चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा खोलीच्या भिंती मोजू नका, तिथं अपर्णेनं काय काय हलवलं ते बघा. माझा मेव्हणा आजही म्हणतो, त्या खोलीत ताईचे हाल झाले. ताईलाच विचार की, असं मी दरवेळी सांगतो. त्यानं अजून विचारलेलं नाही.