महाराष्ट्रात मुलांची खुंटलेली वाढ खरंच कमी झाली आहे का?

झाली, पण पुढे गाडी अडकली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2005-06 साली राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे 46 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. 2015-16 ला तो आकडा 34.4 वर आला. नंतरच्या फेरीत मात्र 35.2, म्हणजे किंचित वरच. देशाचा आकडा त्याच काळात 38.4 वरून 35.5 वर उतरला. कोविडला दोष देऊ नका. महाराष्ट्रातली पाहणी 2019 मध्येच आटोपली होती.

माझ्या मते अडचण आईच्या ताटात आहे. राज्यात 15 ते 49 वयोगटातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रिया याच शेवटच्या दोन फेऱ्यांत 48 टक्क्यांवरून 54 वर गेल्या. लहान वयात लग्न, लगेच बाळंतपण, घरात सगळ्यांच्या शेवटी जेवण: अशा आईचं बाळ पोटातच मागे पडतं, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत झालेलं नुकसान पुढे फारसं भरून निघत नाही. अंगणवाडीची खिचडी तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, त्याआधी घरी न्यायची आहाराची पाकिटं. ती पाकिटं बाळाच्याच पोटात जातात असं समजणं भाबडेपणाचं.

म्हणून मला आदिवासी भागातली अमृत आहार योजना जास्त पटते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर काही महिने आईला एक वेळचं गरम, चौरस जेवण. निधी वेळेवर पोचत असेल, तर.