हाक मारली तरी ढुंकून बघत नाही, तेव्हा
आठ महिन्यांचं कुत्रं अचानक ऐकेनासं झालं, म्हणून खचून जाऊ नका. साधारण सहा ते अठरा महिने हे त्याचं वयात येण्याचं वय. मोठ्या जातींत ते दोन वर्षांपर्यंतही लांबतं. शिकवलेलं ते विसरलेलं नसतं. बाहेरचे वास आणि इतर कुत्री यांची ओढ तुमच्या हाकेपेक्षा जबरदस्त झालेली असते, एवढंच.

सगळ्यात आधी, एकच हाक पाचपाच वेळा मारणं बंद करा. माझ्या कुत्रीला मी 'ये, ये, ये' म्हणत राहायचो आणि ती गवतात नाक खुपसून उभी. फक्त एक कान माझ्याकडे वळायचा. म्हणजे ऐकू येत होतं! मग मी पाच-सात मीटरची लांब दोरी घेतली. ती गळ्यातल्या पट्ट्याला नको, हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्यांच्या साजालाच बांधा, नाहीतर मानेला हिसका बसतो. एकदाच हाक मारायची, उलट्या दिशेने चालू लागायचं, आणि कुत्रं आलं की लगेच खाऊ. पुन्हा हुंगायला मोकळं सोडायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण हाक म्हणजे मजा संपली असं एकदा डोक्यात बसलं की ते येणारच नाही.

उशिरा आलं तरी रागावू नका, मारू तर अजिबात नका. सराव पाच मिनिटांचाच, आधी घरात, मग शांत जागी. आणि झोप पुरेशी होतेय ना, तेही बघा. दमलेलं कुत्रं जास्त चावरं होतं.