ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे, दोन्हींसाठी एकच टायरचा सेट चालेल का? कोणता घ्यावा?

प्रश्नाखाली तुम्ही दिलेला तपशील असा: मिशिगनमध्ये राहता, २०२३ ची टोयोटा जीआर८६ आहे, सतरा इंची चाकांची. येत्या उन्हाळ्यात चार-पाच ऑटोक्रॉस आणि जिंजरमॅन या इथल्याच रेस ट्रॅकवर दोन ट्रॅक डे करायचे आहेत. गाडी रोज ऑफिसलाही जाते. याआधी दोन्हींपैकी काहीच केलेलं नाही.

मी याच भागात राहतो आणि गेले आठ उन्हाळे दोन्ही प्रकार करतोय. आधी जुन्या माझदा मियाटावर, आता तुमच्याच गाडीच्या मागच्या पिढीवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायर विकणारा तुम्हाला ग्रिपबद्दल सांगेल. तुम्ही त्याला उष्णतेबद्दल विचारा. हा टायर किती लवकर तापतो? आणि तापल्यावर किती वेळ तग धरतो? एवढं कळलं की निम्मी निवड झालीच.

ऑटोक्रॉस म्हणजे रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर कोन, म्हणजे प्लॅस्टिकचे शंकू मांडून आखलेली वाट. गाड्या एकेक करून सुटतात, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मिनिटभरात पाळी संपते. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. मग पुढच्या पाळीपर्यंत गाडी रांगेत उभी. दिवसभरात अशा पाच-सहा पाळ्या मिळतात. टायरला नीट तापायला वेळच नसतो. पहिल्याच वळणाला, थंड असतानाच त्याने रस्ता धरायला हवा. ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी, उलटं. जिंजरमॅनची एक फेरी २.१४ मैलांची, सेशन वीस मिनिटांचं, आणि तेवढा वेळ टायरला उसंत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत रबर चांगलंच तापलेलं असतं. खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

ज्यांनी संक्रांतीला घरी चिक्की केली आहे त्यांना हे लगेच कळेल. पाक कच्चा राहिला तर तीळ धरत नाही, जमला की सोडत नाही, आणि आचेवर जास्त राहिला की करपतो. प्रत्येक टायरचा पाक वेगळ्या आचेवर जमतो, आणि काहींचा जमणं ते करपणं यातला वेळ फार थोडा असतो.

हूझियर या इंडियानातल्या कंपनीचं उदाहरण बघा. रेसच्या टायरांसाठी ती ओळखली जाते. तिचे ए७ आणि आर७ असे दोन टायर आहेत, पहिला ऑटोक्रॉससाठी, दुसरा सर्किटवरच्या रेसिंगसाठी. ज्यांचा धंदाच रेसच्या टायरांचा, त्यांनाही दोन्ही कामं एका रबरात बसवता आली नाहीत. हे टायर तुम्हाला आत्ता घ्यायचे नाहीत. लोक ते ट्रेलरवरून नेतात, मैदानावर चढवतात आणि घरी जाताना उतरवतात. पण एकच सेट चालेल का, याचं उत्तर या जोडीतच आहे: चालतो, पण एका बाजूला कमी पडतो. कोणत्या बाजूला कमी पडलेला तुम्हाला परवडेल, ते आधी ठरवायचं.

आता २०० या आकड्याबद्दल. टायर किती सावकाश झिजतो ते सांगायला त्याच्या बाजूवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा छापलेला असतो. एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गाला हा आकडा किमान २०० लागतो, म्हणून सगळ्या कंपन्यांचे चिकट टायर बरोब्बर २०० वर येऊन थांबलेत. या आकड्यामागची चाचणी टेक्सासमधल्या सार्वजनिक रस्त्यांवर होते. गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवतात, टायर किती घासला ते संदर्भाच्या टायरशी ताडून बघतात, आणि संदर्भाच्या टायरला १०० धरतात. टायरवर छापायचा आकडा मात्र शेवटी कंपनीच ठरवते. त्यामुळे २०० लिहिलेला एक टायर दोन मोसम टिकतो आणि २०० च लिहिलेला दुसरा सप्टेंबरच्या आत गोटा होतो. या आकड्याचा उपयोग नियमात बसण्यापुरता. आयुष्याचा अंदाज त्यावरून बांधू नका.

२०० वाल्यांमध्ये सरळ दोन घराणी दिसतात. योकोहामा ॲडव्हान ए०५२ आणि ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस हे ऑटोक्रॉसचे लाडके. थंडपणीच रस्ता धरतात आणि स्टिअरिंगला चटकन उत्तर देतात. दोन चालक एकाच गाडीवर असले की मध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही, तेव्हा लोक बागेतल्या फवाऱ्याने या टायरांवर पाणी मारताना दिसतील. ए०५२ लांबच्या सेशनमध्ये लवकर तापून ढिला पडतो. आरई-७१आरएस त्यापेक्षा थोडा सोशिक, पण घासतो भराभर. दुसऱ्या घराण्यात हॅन्कूक व्हेन्टस आरएस४ आणि कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट फोर्स. पहिली फेरी दगडासारखी जाते, पण एकदा ऊब आली की वीसच्या वीस मिनिटं तीच पकड. आरएस४ वर मी दोन पूर्ण उन्हाळे काढले आहेत, आणि ट्रॅकसाठी माझा पहिला कौल अजूनही त्यालाच. फाल्केनचा आरटी६६० आणि कुम्होचा व्ही७३० या दोहोंच्या मधले.

त्यांच्या एक पायरी खाली, म्हणजे रोजच्या रस्त्याला जवळचे, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस आणि कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२. यांचे आकडे ३०० आणि ३४०. घड्याळाच्या हिशेबात ते मागे पडतील. पावसात मात्र वरच्या कुठल्याही टायरपेक्षा हेच हवेत.

आणि आता तुमच्या बाबतीत माझं मत, अगदी मनापासून: पहिले तीन-चार कार्यक्रम होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. गाडीबरोबर आलेले मिशेलिन प्रायमसी आहेत त्यांवरच जा.

लोक त्या टायरांना नावं ठेवतात. पण ते तिथे चुकून बसलेले नाहीत. २०१२ मध्ये ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हाच बेताची पकड ठेवायची असं ठरवून हा टायर दिला होता. उद्देश असा की साध्या वेगातही गाडी हलकेच सरकावी आणि ती चालकाला हातात कळावी. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. असा टायर सुटण्याच्या बराच आधी कुरकुरायला लागतो, मग ओरडतो, मग हळूहळू सरकतो. तुम्ही वळणात जास्त वेगाने शिरलात की लगेच सांगतो. चिकट टायर तीच चूक पोटात घालतो, आणि घालता येईनाशी झाली की एकदम सोडतो, तेही कितीतरी जास्त वेगाला. पहिल्याच मोसमात चिकट टायर चढवून तीन-चार वर्षं तीच चूक पक्की केलेले लोक मी पाहिले आहेत. चांगले, कष्टाळू लोक. प्रशिक्षकाला त्यांच्या हातची सवय मोडायला नवशिक्याच्या दुप्पट वेळ लागतो.

माझंही एकदा चुकलं होतं, पण वेगळ्या प्रकारे. चौथ्या वर्षी ऑटोक्रॉसला उत्तम असलेला एक सेट घेतला आणि जुलैत तोच घेऊन जिंजरमॅनला गेलो. सकाळच्या थंड हवेतलं पहिलं सेशन सुंदर झालं. दुपारच्या तिसऱ्या सेशनमध्ये पाचव्या फेरीला पुढची चाकं वळणात जिथे न्यायची तिथे जाईनात. मी स्टिअरिंग आणखी वळवलं, त्याने ती आणखी तापली. पिटमध्ये येऊन पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेवर, रबराच्या खपल्या निघालेल्या. टायर वाईट नव्हता. त्याला जे काम जमत नाही ते मी त्याच्याकडून करून घेत होतो.

मूळ टायर संपत आले की मग पुढचा विचार. तुमच्या साडेसात इंची रिमवर २२५/४५ आर १७ हे माप छान बसतं. चिकट सेट या मापात साधारण ८०० ते १,००० डॉलरच्या घरात जातो, शिवाय चढवण्याचा खर्च. गाडी रोज ऑफिसला नेणार असाल आणि दुसरी चाकं घ्यायची नसतील, तर एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ किंवा पायलट स्पोर्ट ४एस. दोन ट्रॅक डे आणि चार-पाच ऑटोक्रॉस ते निभावून नेतील, आणि आय-९४ वर मुसळधार पाऊस लागला तर घरची माणसं गाडीत निर्धास्त बसतील. अर्धे झिजलेले २०० वाले टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतात, तो अनुभव हायवेवर घेऊ नका. ट्रॅकची गोडी लागली तर चार जास्तीची चाकं घ्या आणि त्यांवर आरएस४ किंवा फोर्स चढवा. ऑटोक्रॉसमध्ये पहिल्या तिघांत यायची ईर्षा असेल तेव्हाच ए०५२ किंवा आरई-७१आरएस.

पण नवीन टायरच्या आधी ब्रेकचं ऑइल बदला, जास्त उष्णता सोसणारं डॉट ४ घाला, आणि ट्रॅकवर जाणार असाल तर पॅडही. चिकट टायरमुळे तुम्ही उशिरा आणि जोरात ब्रेक दाबायला लागता, तो सगळा भार तिकडे जातो.

हवेचं गणित टायरच्या नावाइतकंच महत्त्वाचं, आणि फुकट आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. हवा तापली की दाब वाढतो, दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय. ऑटोक्रॉसला स्टिकरच्या आकड्यापासून सुरुवात करा. टायरच्या खांद्यावर तीन-चार ठिकाणी खडूने आडव्या रेघा ओढा, पाळी करून या आणि बघा. खांद्यावर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू तिथवर पुसला गेला असेल तर ठीक, त्याच्याही खाली पुसला असेल तर टायर आडवा पडतोय, हवा वाढवा. ट्रॅकवर मात्र स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय कमी ठेवून सुरुवात करायची, पहिल्या सेशनहून आल्या आल्या, गरम असतानाच मोजायचं, आणि चारही चाकांची नोंद वहीत लिहायची. घरी निघण्यापूर्वी हवा परत भरा. हे विसरणारे दर वेळी दोघेतिघे असतातच, म्हणून मी स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावून ठेवतो.

तुमच्या गाडीला पुढे कंपनीकडून कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे वळणात सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि टायर मधून नवा असताना कडेने तार दिसायला लागते. दर कार्यक्रमानंतर पुढची चाकं मागे टाकत राहा. कॅम्बर बोल्ट बसवून थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) घेतला तर टायरचं आयुष्य खूप वाढतं, पण स्पर्धेत उतरायचं असेल तर आपल्या वर्गाचे नियम आधी वाचा.

मिशिगनसाठी एक वेगळी सूचना. यातला प्रत्येक टायर उन्हाळी आहे. ४० अंश फॅरनहाइटच्या खाली रबर काचेसारखं होतं, आणि २० च्या खाली नुसतं हलवलं तरी तडे जाऊ शकतात. माझा एक सेट असाच गेला. जानेवारीत बिनहीटरच्या गॅरेजमधून चाकं बाजूला सरकवली, एवढंच. मार्चमध्ये नक्षीच्या खाचांमध्ये बारीक भेगा दिसल्या आणि टायर फेकावे लागले. तेव्हापासून नोव्हेंबरात चाकं काळ्या पिशव्यांत बांधून तळघरात जातात. सवलतीत मिळणारा टायर घेताना बाजूवरचे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३१२२ म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा.

हे वाचणाऱ्यांत पुण्या-कोल्हापूरचे कोणी असतील तर त्यांच्यासाठी: जून २०२० पासून भारतात टायरची आयात मर्यादित यादीत आहे, त्यामुळे यातली बरीच नावं मिळणार नाहीत किंवा मापात मिळणार नाहीत. पण उष्णतेचं गणित तिथे जास्तच लागू पडतं. कोइमतूरच्या करी किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर डांबर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. तिथे लवकर ऊब घेणाऱ्यापेक्षा ऊन सोसणारा टायर बघा.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण माहीत असावी. अमेरिकेत नवी जीआर८६ घेणाऱ्याला टोयोटा कंपनी नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन या संस्थेचं एक वर्षाचं सदस्यत्व आणि ट्रॅकवरचा एक शिकाऊ दिवस देते. तुमचा तो वापरायचा राहिला असेल आणि मुदत संपली नसेल, तर आधी तोच लावा, प्रायमसीवरच. शेजारी प्रशिक्षक असतो. त्या दिवसानंतर पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या खांद्याचे फोटो आणि चारही चाकांचे गरम दाब इथे टाका. त्यावरून तुमची गाडी आणि तुमचा हात काय मागतोय ते जास्त खात्रीने सांगता येईल.