घर पाहण्याआधी साडेसात लाख पाठवावेत का?

चोपड्याच्या एका वाचकांना ऑक्टोबरपासून जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे आणि पत्नी व चार वर्षांच्या मुलीलाही सोबत न्यावे, असा त्यांचा मानस आहे. इंटरनेटवर सापडलेल्या दोन खोल्यांच्या घराचे मूळ भाडे ७०० युरो असून हीटिंग व इतर खर्च धरून ते ९०० होते. सहा महिन्यांचे भाडे आणि तीन महिन्यांचे डिपॉझिट आधी पाठवा, चावी कुरिअरने येईल, असे मालक म्हणतो. त्यासाठी जळगावला दागिने तारण ठेवावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ठेवू नयेत. मागितलेली रक्कम ७,५०० युरो (सहा महिन्यांच्या भाड्याचे ५,४०० आणि मूळ भाड्याच्या तिप्पट डिपॉझिटचे २,१००), म्हणजे युरोचा भाव शंभर रुपये धरला तरी साडेसात लाख होते. जर्मन कायद्यानुसार डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही आणि तेही तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. घर न दाखवता सगळे पैसे आधी मागणारा आणि चावी कुरिअरने पाठवू म्हणणारा मालक ही तिथल्या फसवणुकीची अगदी ठरलेली तऱ्हा आहे.

आपली घाई मला समजते, कारण कुटुंबाच्या व्हिसासाठी पुरेशी जागा दाखवावी लागते. पण त्यासाठी हवा तो खरा करार, आणि तो मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आपण आधी एकट्याने जाऊन वसतिगृहात राहावे, घरे प्रत्यक्ष पाहावीत आणि मगच कुटुंबाला बोलवावे. यात काही महिन्यांची ताटातूट होईल आणि मुलगी लहान असताना ती सोपी नाही, हे मी नाकारत नाही. तरीही मी हाच मार्ग सुचवीन. विद्यापीठाशी संलग्न विद्यार्थी सेवा संस्थेकडे अनेक ठिकाणी कुटुंबासाठीही घरे असतात. प्रतीक्षायादी लांब असल्याने अर्ज आजच करावा.

आता खरी अडचण पाहू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवले, तरी त्यातून महिन्याला फक्त ९९२ युरोच हाती येतात. पहिल्या महिन्यात भाडे ९०० आणि डिपॉझिटचा पहिला हप्ता ७००, असे १,६०० युरो लागतील. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही तेवढेच, आणि किराणा अजून धरलेलाच नाही. म्हणून या खात्याबाहेर किमान चार हजार युरो वेगळे हवेत. कुटुंब आल्यावर खर्च दाखवण्याची रक्कमही वाढेल. पत्नीला तिथे नोकरी करता येते, पण ती पहिल्याच महिन्यात मिळेल असे गृहीत धरू नये.

हे पैसे शैक्षणिक कर्जातून उभे करता येतात का, हे आधी बँकेला विचारावे. त्या कर्जातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवतानाच कापला जाणारा कर, लागत नाही, तर स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांपुढे पाठवलेल्या रकमेवर तो कापला जातो आणि नंतर आपल्या आयकराच्या हिशेबात जमा धरला जातो. सोनेतारण कर्जाला ही सवलत नाही. दागिने तारण ठेवायचेच झाले, तर तिथला करार हाती आल्यावर आणि कमी पडेल तेवढ्याच रकमेपुरते ठेवावेत.

सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठीचे पत्र मालक देणार का? आणि घरात स्वयंपाकघर बसवलेले आहे का? तिथली बरीच घरे ओटा-शेगडीशिवायच भाड्याने दिली जातात, आणि तो खर्च आपल्या हिशेबात कुठेच नाही.