एक ना धड?

कोल्हापूरचे एक वडील नववीतल्या मुलाला घेऊन आले. मुलगा पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळतो, शाळेकडून कबड्डी. "मॅडम, ह्याला जरा सांगा की. एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या. एक काय ते धर म्हणावं." खेळणाऱ्या मुलांचे पालक बहुतेक हीच काळजी घेऊन येतात.

पोरगं मान खाली घालून बसलेलं. एकदम म्हणालं, "जिम थॉर्प पण दोन खेळ खेळायचा." थॉर्प म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन खेळाडू. पोराने त्याचा व्हिडिओ बघितलेला. वडिलांनीही बघितलेला! "मग त्याची ऑलिंपिकची पदकं काढून घेतली, ते नाही दिसलं?"

इथे मला बोलावंच लागलं. थॉर्पने १९१२ मध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) जिंकली. पुढच्या वर्षी पदकं गेली, पण दोन खेळांपायी नव्हे. १९०९-१०च्या उन्हाळ्यात तो किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता आणि ऑलिंपिकला तेव्हा फक्त हौशी खेळाडू चालत. मग तो उघडच व्यावसायिक झाला. १९१३ पासून न्यूयॉर्क जायंट्सकडे बेसबॉल, १९१५ पासून कँटन बुलडॉग्जकडे अमेरिकन फुटबॉल, सामन्याला २५० डॉलर. बेसबॉलचा मोसम उन्हाळ्यात, फुटबॉलचा थंडीच्या तोंडावर, म्हणून जमलं. बेसबॉलमध्ये तो बेताचाच, फलंदाजीची सरासरी ०.२५२, म्हणजे चार खेपांत साधारण एक यशस्वी फटका, तरी १९१९ पर्यंत टिकला. मला हे त्याच्या पदकांपेक्षा जास्त आवडतं.

मी कॅलेंडर पुढे केलं. मुलाने दोन रंगांत सामने लिहिले. ते एकमेकांवर फारसे येतच नव्हते. भिडत होता सराव: पहाटे मैदान, संध्याकाळी मॅट, सातही दिवस.

"कुठे दुखतं का रे?"

वडिलांकडे चोरून बघत त्याने गुडघ्यावर हात ठेवला. महिना झाला होता. सांगितलं तर एक खेळ सुटेल, म्हणून गप्प.

वडील बराच वेळ कॅलेंडरच बघत राहिले. आधी गुडघा डॉक्टरांना दाखवायचा, ज्याचा मोसम नाही त्या खेळाचा सराव बंद आणि रविवारी पूर्ण सुट्टी, एवढं ठरलं. दहावीत पुन्हा बघू.

निघताना वडिलांनीच विचारलं, "त्या थॉर्पला पदकं मिळाली का हो परत?"

"तो १९५३ साली गेला. १९८३ मध्ये त्याच्या मुलांच्या हाती पदकांच्या प्रतिकृती दिल्या, पण तेव्हा त्याला सहविजेताच मानलं."

"आणि २०२२ मध्ये परत एकट्यालाच विजेता ठरवलं," दारातून पोरगं म्हणालं.