वाहनविषयक शंका-समाधान : कॅट काढलेली गाडी आणि पीयूसीचा दाखला

प्रश्न : माझ्या नावावर २०२१ सालची टर्बो पेट्रोल गाडी आहे, ती पुतण्या वापरतो. त्याने एका गॅरेजमध्ये गाडीचे रिमॅपिंग (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करून घेतले आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा ‘कॅट’, काढून त्या जागी सरळ पाइप बसवला. लळिंग घाटात गाडी पूर्वीपेक्षा जोरात ओढते, हे खरे आहे. गॅरेजवाला म्हणतो, ‘काही होत नही भाऊ, पीयूसी मिळी जास.’ पीयूसी मिळालीही. तरीही मला काही त्रास होऊ शकतो का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : होऊ शकतो, आणि पुतण्याच्या आधी आपल्याला होऊ शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमांत न बसणारा फेरबदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फेरबदल पुतण्याने केला, असे आपण म्हणू शकाल. परंतु कलम १९० प्रदूषणाची मानके मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्याला जसे लागू होते, तसेच ती चालवू देणाऱ्यालाही लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्याची अपात्रता आहे. आपल्या पत्रावरून आपल्याला सारे ठाऊक आहे, हे उघड दिसते. तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोयही राहिलेली नाही.

आता पीयूसीविषयी. पेट्रोल इंजिनाच्या धुरात घातक असे मुख्यतः तीन घटक असतात : कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. ही वीट सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापली, की तिन्ही घटकांचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत बदलतो. पीयूसी केंद्रावरील यंत्र मात्र यांपैकी पहिले दोनच घटक मोजते आणि तेही गाडी जागेवर उभी असताना. बीएस-६ (भारत स्टेज-६) या प्रदूषण मानकांच्या, नव्या मॉडेलसाठीच्या मान्यता चाचणीत ज्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांना प्रतिकिलोमीटर ०.०६ ग्रॅम इतकी कडक मर्यादा आहे, ती पीयूसीत तपासलीच जात नाहीत. हीच ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन खानदेशातल्या उन्हासारख्या कडक उन्हात एकत्र आली, की जमिनीलगत ओझोन तयार होतो.

मोजल्या जाणाऱ्या दोन घटकांतही सूट फारशी नाही. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर (उभ्या गाडीचे इंजिन ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, तर हायड्रोकार्बनची २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) आहे. कन्व्हर्टरविना ही पातळी प्रामाणिक चाचणीत सहसा गाठता येत नाही. त्यामुळे आपल्याला मिळालेला दाखला गाडीपेक्षा त्या केंद्राविषयीच अधिक सांगतो, असे माझे मत आहे. शिवाय तो दाखला ढाल नव्हे. गाडी मानकांत बसत नाही असा सकारण संशय असल्यास, मुदतीतला दाखला असतानाही पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक केंद्रीय मोटार वाहन नियम ११६ अन्वये ती पुन्हा चाचणीसाठी पाठवू शकतात. तसाही सरळ पाइपचा आवाज महामार्गावर लपत नाही.

ताकद वाढल्याची गोष्ट खोटी नाही. टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा; त्याच्या टर्बाइननंतर लगेच येणारा कन्व्हर्टरचा अडथळा गेल्यामुळे तो लवकर फिरू लागतो. परंतु वाढीचा मोठा वाटा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि इग्निशन (ठिणगीची वेळ) बदलणाऱ्या रिमॅपचा असतो. पाइपचे श्रेय त्या मानाने थोडे असते आणि आवाजामुळे ते मोठे वाटते. कन्व्हर्टर नसल्याचे मागचा ऑक्सिजन सेन्सर ओळखतो आणि पी०४२० हा दोषसंकेत नोंदवून डॅशबोर्डवरचा दिवा लावतो. रिमॅप करणारे तो सॉफ्टवेअरमधून बंद करतात, म्हणजे दिवा विझतो, दोष नाही. मूळ कन्व्हर्टर पुतण्याने गॅरेजमध्ये सोडला असेल तर आजच परत मागावा, कारण आतल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगला भाव येतो. तो बसवून घ्यावा आणि त्याला अनुरूप सॉफ्टवेअर टाकून घ्यावे. ‘स्पोर्ट्स कॅट’ हा मधला मार्ग म्हणून सुचवला जाईल. त्यात छिद्रे मोठी आणि संख्येने कमी असतात. तो कोऱ्या पाइपपेक्षा बरा, पण आपल्या मॉडेलच्या मान्यतेत नसलेला भाग केवळ नावात ‘कॅट’ आहे म्हणून वैध ठरत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर चोक झाला आहे. नवा महाग पडतो म्हणून मेकॅनिक आतली जाळी फोडून डबा रिकामा करून देतो म्हणतो. तसे करावे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : करू नये. बाहेरून डबा दिसला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो काढल्यासारखाच आहे. महत्त्वाचे म्हणजे कन्व्हर्टर सहसा आपणहून चोक होत नाही. एखादा प्लग किंवा कॉइल बिघडून मिसफायर होत (सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचे चुकत) असेल, तर न जळलेले पेट्रोल विटेवर जाऊन जळते आणि वीट वितळते. इंजिन ऑइल खात असेल, तर त्यातील फॉस्फरस धातूच्या थरावर बसतो. आधी हे तपासून घ्या. अन्यथा नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : डिझेल गाडीचा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागतो. तो फिल्टर काढता येईल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही; नियम तोच आहे. गाडी गावातच थोडी थोडी फिरत असल्याने फिल्टरमधली काजळी जळत नाही. दिवा लागल्यावर वाहनपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुळे रस्त्यावर वीसेक मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. त्या वेळी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो, म्हणून लगेच थांबावे लागलेच, तर गाडी वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उभी करू नये.