कॅज्युअल्टीत नवीन नर्स आहेस ना? मग सध्या एवढंच बघ

पहिल्या महिन्यात सगळ्यांचीच झोप उडते, घाबरू नकोस.

- ड्युटीवर आल्याआल्या क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची-साधनांची गाडी) तपास: ॲड्रेनालिन, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची), लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना बघायच्या साधनाचा) दिवा, सक्शन. निम्मी धडधड वस्तू वेळेवर न सापडल्यानेच होते.
- तोंडी ऑर्डर आली की औषध आणि डोस मोठ्याने परत म्हण, मगच दे. डॉक्टर चिडतील म्हणून गप्प राहणं ही नव्यांची नेहमीची चूक.
- नातेवाईक अंगावर आले तर एकट्याने वाद नको. मागे हो, सिक्युरिटीला बोलाव, इन्चार्ज सिस्टरला सांग, लेखी नोंद कर. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात नर्सवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. बऱ्याच जणींना हे ठाऊकच नसतं.

पेशंट गेला तरी लगेच पुढच्या बेडकडे धावावं लागतं, ते टळत नाही. पण ड्युटी सुटल्यावर बरोबरच्या सिस्टरशी बोल, मग घरी जा. आणि डबा खा! पाणीही न पिता ड्युटी काढण्यात कसली आलीय बहादुरी? ड्युटीच्या विचारानेच पोटात गोळा येत राहिला, तर १४४१६ वर टेलि-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला) फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

व्हेंटिलेटर, कोर्स वगैरे सहा महिन्यांनी बघू.